खंडेनवमीला धुतलेले राउटर

आमच्या घरात तीन राउटर होते तेव्हा न्हावऱ्यात फ्रीज असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज हे वाक्य मी जरा रुबाबात लिहिते आहे, पण त्या काळी ही गोष्ट चारचौघांत निघाली की आमची आई पदर सावरून विषय बदलायची. लग्नाच्या वयाची पोरगी घरात असली की येणारे-जाणारे तिनं काय काय केलंय ते डोळ्यांनीच तपासून घेतात. विणलेले रुमाल, मण्यांचं तोरण, फारच हुशार असली तर भिंतीवर लोकरीचा राघू. आमच्याकडं बघायला मिळायचे ते खताच्या खोलीत फळ्यांवर मांडलेले तीन काळपट लोखंडी डबे, घरघर वाजणारे. "ह्ये काय गं नंदे?" असं कुणीतरी विचारायचंच. मग मी पाठ केलेलं उत्तर द्यायची, की हा राउटर, एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्याकडं कुठल्या वाटेनं न्यायचा ते हा ठरवतो. "आन् मग आत्ता ह्यातनं निरोप कुठं चाललाय?" "वरच्या फळीवरनं खालच्या फळीवर." यावर पाहुणे वाकून दोन्ही फळ्या बघून घ्यायचे. एकदा एक म्हातारी म्हणाली, "आगं, मग हाक मारायची की." आई आत चहा ठेवायला निघून गेली.

अशा वेळी माझी बाजू घ्यायला आबा असायचे. आबा म्हणजे माझे वडील. शाळा चौथीपर्यंत, शेती दीड एकर, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि कडेला घरापुरता कांदा. राउटर म्हणजे काय हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं, म्हणजे फारसं नाही, पण ते तसं दाखवत नसत. ते म्हणायचे, "आवं, गाडी शिकताना कुठं गावाला जायाचं आसतंय व्हय? माळावरच गोल गोल फिरवायची आसती. हात बसला की मग रस्त्यावर." पुढं मी मोठमोठ्या लोकांची मोठमोठी भाषणं ऐकली, परदेशी कोट घातलेल्या माणसांचीही, पण घरच्या घरी सराव कशाला करायचा याचं इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नाही. तेव्हा मात्र मला ते उत्तर गावठी वाटायचं आणि मनात यायचं, की आबांनी मधे बोलू नये.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते शिरूरच्या क्लासमधून. खताच्या दुकानाच्या माडीवर तो क्लास भरायचा. चपला खाली जिन्याशी काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. दुकानातून पोत्यांची धूळ उडत वर यायची ती चालायची, आमच्या चपला तेवढ्या चालत नसत. त्या जिन्याशी माझे दोन जोड गेले. सर भले गृहस्थ होते, फक्त त्यांनी राउटर कधी चालवलेला नव्हता. त्यांनी आम्हाला तो फळ्यावर शिकवला. चौकोन काढायचा, त्यात मोठा 'रा' लिहायचा आणि दोन्ही बाजूंनी बाण. "चौकोन पट्टीनं काढा, परीक्षेत मार्क त्याचेच असतात," असं ते सांगायचे. काचेच्या कपाटात एक खरा राउटरही ठेवलेला होता. प्रवेश घ्यायला आलेल्या पालकांना तो लांबून दाखवायचे, आणि पालक नकळत हात जोडायचे. वर्षभरानं सर कपाट पुसत असताना त्यांनी तो एका बोटावर उचलला, तेव्हा आम्हाला कळलं की आत काहीच नाही, नुसतं टरफल आहे. पण तोवर फी भरून झाली होती.

चौकोन काढून काढून माझ्या लक्षात आलं, की पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरायला पाहिजे. विहीर सापडली सणसवाडीत. आईचा भाऊ, अंकुशमामा, तिथल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. कारखान्यातलं जुनं कॉम्प्युटरचं सामान भंगारवाला वजनावर उचलायचा, त्यात काय आहे हे त्यालाही माहीत नसायचं. मामानं त्याला कांद्याच्या दोन गोण्या दिल्या आणि तीन राउटर घेतले. त्यातल्याच एका गोणीत भरून ते एसटीच्या टपावरून न्हावऱ्यात उतरले. पहिले काही महिने ते तापले की खोलीभर कांद्याचा वास सुटायचा. कॉम्प्युटर सरांच्या क्लासनं टाकून दिलेला होता, त्याचा पडदा एका कोपऱ्यात कायमचा हिरवा दिसायचा. राउटरशी बोलायला एक खास वायर लागते. ती विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मी शिरूरहून तिची आकृती कागदावर उतरवून आणली आणि गावातल्या रशीदचाचांनी ती बनवून दिली. रशीदचाचा मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या पंपाची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचे. तीन पिढ्या त्यांचं घर न्हावऱ्यात, आणि सगळ्या शिवाराचं पाणी त्यांच्या हातावर. वायर जोडून देताना ते एवढंच म्हणाले, "बेटा, ह्याला शॉक न्हाई लागत, मग ह्ये काम कसं करतंय?"

आता माझ्या हाताखाली काम शिकायला येणारी मुलं राउटर डोळ्यांनी बघतसुद्धा नाहीत. त्यांच्या लॅपटॉपमध्ये एका खिडकीत दहा राउटर असतात, दुसऱ्या खिडकीत वीस, बिघडला तर पुसून टाकायचा आणि नवा मांडायचा. सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण त्या खोलीचा जो एक आवाज होता तो यात कुठून येणार? सकाळी आईच्या भाकरीची थापथाप, बाहेर आबांचा फवारणीचा पंप, आणि मधे माझ्या डब्यांचा घरघराट. त्यातल्या मधल्या डब्याचा पंखा तर असा कोकलायचा की आमची शेळी दावं ताणून उभी राहायची. लाईट दिवसातून ठरलेले काही तास जायची, त्यामुळं माझा अभ्यास वीज मंडळाच्या सोयीनं चालायचा. लाईट आली की हातातली भाकरी आणि पिठलं ताटात तसंच टाकून मी खोलीकडं पळायची. आई म्हणायची, "बाळंतिणीला प्वार रडल्यावर सुदिक येवढी घाई न्हाई सुटत."

बारावीनंतर मी शिरूरच्या कॉलेजात पदवी घेतली होती, आणि पदवीनंतर आबांनी मला एक वर्ष दिलं होतं. दिलं होतं म्हणजे भावकीपुढं, आईपुढं आणि दोन चांगल्या स्थळांपुढं उभं राहून मागून घेतलं होतं. वर्षात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. वर्ष संपत आलं आणि मामानं बातमी आणली, की त्याच्याच कारखान्यात कॉम्प्युटर विभागात एक शिकाऊ जागा निघाली आहे. एकच जागा. परीक्षा दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, आणि तीसुद्धा हातानं करून दाखवायची. तीन राउटर त्रिकोणात जोडायचे, पहिल्याचा निरोप तिसऱ्याला सरळ पोचवायचा, आणि मग साहेब त्या दोघांमधली वायर उपटणार. सरळ वाट तुटली की राउटरनं आपणहून दुसऱ्याच्या घरावरून लांबची वाट धरायला हवी. माझं बाकी सगळं जमत होतं, हेच तेवढं अडत होतं. वायर उपटली की माझे राउटर रुसलेल्या जावांसारखे एकमेकांशी बोलणंच बंद करायचे. नवरात्रभर मी त्याच्यामागं होते. आई उपासाची भगर आणि दाण्याची आमटी खोलीत आणून ठेवायची, आणि दोन्ही थंड व्हायचं. नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी ते एकदाच जमलं. वायर उपटली, मी दहा मोजले, आणि निरोप लांबून फिरून बरोबर पोचला. लगेच लाईट गेली. पण एकदा जमलं ते पुन्हा जमेल, हातात तीन-चार दिवस आहेत, असा मला धीर आला.

नवमीला मी सकाळच्या एसटीनं शिरूरला गेले, सरांकडून क्लासचा दाखला आणायला. झेंडूवाल्या घराचा तो वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस असतो, कारण दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्या पुण्याला त्या दिवशी झेंडू लागतो आणि बाकी वर्षभर त्याला कुणी विचारत नाही. संध्याकाळी टेंपो मार्केटला निघायचा, म्हणून बायका पहाटेपासून फुलं तोडत होत्या. आणि त्या सगळ्या घाईतसुद्धा खंडेनवमी चुकवायची नसते. ज्या हत्यारावर आपण जेवतो ते त्या दिवशी धुवायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. आमच्याकडं खुरपं, विळा, कुदळ, फवारणीचा पंप, आबांची मोटारसायकल, आईची शिलाई मशीन, सगळं अंगणात यायचं. शिरूरला सरांनीसुद्धा पूजा मांडली होती. क्लासमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या कपाळाला गंध होतं, आणि काचेच्या कपाटातल्या टरफलाला सगळ्यात मोठा हार. मी त्याला हसले. दाखला पिशवीत घालून, पेढा खाऊन, मी दुपारच्या एसटीनं परत आले.

अंगणात पाऊल टाकलं आणि मला आधी ते नीट दिसलंच नाही, इतकं ते सगळं ओळीनं होतं. खुरपं, विळा, कुदळ, पंप, आणि पंपाच्या शेजारी माझे तीन राउटर. त्यांची झाकणं काढून बाजूला उन्हाला लावलेली. आतल्या हिरव्या पाट्या ओल्या, लखलखीत, मधल्या मोठ्या काळ्या चिपवर कुंकवाची टिकली, आणि तिघांनाही झेंडूचे हार. शेजारी बादलीत साबणाचा फेस, तिच्यात जुना दात घासायचा ब्रश, आणि एका वाटीत सगळे स्क्रू, ज्याचे त्याच्याजवळ राहावेत म्हणून तीन कागदांच्या पुड्यांत. आबा उकिडवे बसून मधल्या डब्याच्या पंख्यात शिलाई मशीनचं तेल सोडत होते. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी वर बघितलं. इतके खूश आबा मी फार कमी वेळा पाहिलेत. "बघ नंदे, कसं चकचकीत केलंय! किती वरसांची घाण हुती आत. आन् ह्यो तुझा पंखा, तेल न्हाई म्हून वरडत हुता. बघ आता, हातानं फिरव, कसा पळतोय."

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "आबा, तुम्हाला काय कळतं का? पाण्यानं धुवायची वस्तू आहे ती? अडाणी ते अडाणीच राहिलात! तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्या वस्तूंना हात लावायला?" हे मी घरात नाही, अंगणात बोलले. टेंपोवाला क्रेट चढवत होता, तो थांबला. फुलं तोडायला आलेल्या पाच-सहा बायका ओसरीवर चहा पीत होत्या, त्यांच्या कपबशा वाजायच्या थांबल्या. आमच्याकडं बापाशी असं बोलणारी पोरगी त्या काळी कुणी पाहिली नव्हती, आणि बोलली ती बोलली तेही क्लासात शिकलेल्या शुद्ध भाषेत. आई आतून धावत आली आणि "आगं ए" एवढंच म्हणून थांबली. मी हातातली पिशवी तिथंच टाकली आणि आत जाऊन दार लावून रडत बसले. तीन दिवसांवर आलेली परीक्षा मला दिसत होती, आणि तिच्यामागं दिवाळीनंतरची दोन स्थळं रांगेत उभी होती.

आबा रागावले नाहीत. आईनं नंतर सांगितलं, की त्यांनी आधी टॉवेलला हात पुसले, तिन्ही हार काढले आणि पंपावर ठेवले. चिपवरचं कुंकू कापडाच्या टोकानं टिपून घेतलं. मग एका क्रेटमध्ये आईचं जुनं लुगडं अंथरून त्यात तीन राउटर ठेवले, वाटीतल्या पुड्या खिशात घातल्या आणि टेंपोवाल्याला म्हणाले, "तू माल घिऊन जा. मला न्हाई जमायचं." वर्षातल्या ज्या एका दिवसासाठी चार महिने झेंडू जपला, त्या दिवशी आबा मार्केटला गेले नाहीत. मालावर आपलं माणूस नसलं की दलाल काय करतो ते सगळ्या न्हावऱ्याला ठाऊक आहे, मी वेगळं सांगत नाही. ते क्रेट मोटारसायकलला बांधून चौकात रशीदचाचांकडं गेले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, सकाळी मी सुजलेल्या डोळ्यांनी चाचांच्या दुकानात गेले. दुकान सणाचं बंद असायला हवं होतं, पण दार उघडं होतं. चाचांच्या वाइंडिंगच्या यंत्रालाही कालचा हार होताच. गिऱ्हाइकं दरवर्षी येऊन घालायची आणि चाचा म्हणायचे, "घाला बाबा, मशीन काय माझी येकट्याची हाय?" कोपऱ्यात त्यांचं पत्र्याचं कपाट होतं, आत मोठे पिवळे बल्ब लावलेलं. भरलेल्या मोटारीला वार्निश पाजून त्या कपाटात वाळवायची त्यांची रीत. कपाटात एका बाजूला कुणाचीतरी विहिरीत बुडालेली मोटार वाळत होती आणि तिच्याशेजारी जाळीवर माझे राउटर. कपाटासमोर पोत्यावर आबा बसले होते. मला बघून ते जरा सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. चाचाच बोलले, "रडती कशाला गं? हिरीत आठ दिस बुडालेली मोटार आपन चालू करतो. ह्ये तर निस्तं आंगूळ केल्यालं हाय. लाईट चालू असताना धुतलंय का? न्हाई. मग मेलेलं न्हाई. वाळलं की उठल." मला वाटलं, एका अडाण्याच्या जोडीला दुसरा अडाणी. तोंडावर बोलले नाही, तेवढी अक्कल एका रात्रीत आली होती. दिवसभर लाईट गेली की आबा जाळी उचलून उन्हात न्यायचे आणि लाईट आली की परत कपाटात. मधे लोक येऊन आपट्याची पानं देत होते, सोनं घ्या, सोनं घ्या. आबांनी तिन्ही राउटरपाशी एकेक पान ठेवलं, जरा लांब, जाळीच्या बाहेर.

तिसऱ्या प्रहरी चाचांनी एकेक डबा जोडला. पहिला उठला. दुसराही उठला, आणि त्याचा पंखा वाजेचना, इतका मऊ फिरायला लागला की मी तो बंदच आहे असं धरून चालले होते. तिसरा मात्र काही केल्या उठेना. चाचांनी त्याची मेमरीची पट्टी काढली, तिच्या कडेचे पिवळे दात निरखले, आणि म्हणाले, "दात किडलेत." मग माझ्या पिशवीतल्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन ते दात हळूहळू घासले, फुंकर मारली, पट्टी परत बसवली. आबा पुडीतले स्क्रू एकेक करून देत होते. तिसरा राउटर उठला. चाचा हसले, आबाही हसले, मीही हसले असेन. आबांची माफी मागायची ती वेळ होती. मी डबे क्रेटमध्ये भरायला लागले, कारण लाईट जायच्या आत घरी जाऊन मला ती लांबची वाट जमवायची होती. ती जमली. एकदा नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागोपाठ नऊ वेळा.

परीक्षेला सणसवाडीत आम्ही अकरा जण होतो. बहुतेक पुण्याचे, चकचकीत पिशवीत चकचकीत प्रमाणपत्रं घेऊन आलेले, एकाच्या गळ्यात तर टाय होता. मी एकटी मुलगी, आणि माझ्या पिशवीत जेवणाचा डबा. साहेबांनी टेबलावर तीन राउटर मांडले होते. नेमका तिसरा उठेना. साहेबांनी बटण चारदा दाबलं, मग मेंटेनन्सवाल्या एजन्सीला फोन लावला. ती म्हणाली, सोमवारी माणूस पाठवते. साहेब म्हणाले, चला, मग तोंडी घेऊन टाकू. टायवाल्याचा चेहरा उजळला, त्याचं पाठांतर उत्तम असणार. मला दुसऱ्यांदा वाटलं, की आता गेलं सगळं. तोंडी परीक्षेत मी पट्टीनं काढलेल्या चौकोनापलीकडं काय सांगणार होते? मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मी उघडून बघू का?" मग त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिलीचं खोडरबर मागून घेतलं, पट्टी काढली, दात घासले, फुंकर मारली. आत धुळीचा थर होता, तोही ओढणीच्या टोकानं पुसला. राउटर उठला. साहेबांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" मी मान ताठ करून सांगितलं, "सर, मी घरी स्वतःची लॅब केली आहे. स्वतःच शिकले."

त्या वाक्यावर मला नोकरी लागली असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. वायर उपटल्यावर माझा निरोप लांबून फिरून पोचला, ते साहेबांनी धड बघितलंसुद्धा नाही, तोवर त्यांचा चहा आला होता. पहिलं वर्षभर मी त्या कारखान्यात राउटरला हात न लावता प्रिंटरमधली शाई बदलली. पण महिन्याचा पगार सुरू झाला, दोन्ही स्थळं आपल्या वाटेनं गेली, आणि गावात आईनं पदर सावरून विषय बदलायच्या ऐवजी विषय काढायला सुरुवात केली. आबा लोकांना सांगायचे, "सोताच्या हिंमतीवर शिकली पोर. आमाला काय कळतंय त्यातलं." हे ते चेष्टेनं म्हणत नव्हते, टोमणाही मारत नव्हते. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि मी ते खोडून काढलं नाही. चाचांच्या दुकानातली गोष्ट मी कारखान्यात कुणाला सांगितली नाही आणि कारखान्यातली गोष्ट घरी सांगितली नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी सुट्टी घेऊन घरी होते. अंगणात खुरपी, विळे, पंप, सगळं ओळीनं धुऊन मांडलेलं. मी खताच्या खोलीत माझ्या राउटरपाशी काहीतरी करत बसले होते, आणि दारात आबा येऊन उभे राहिले. हात धुतलेले, टॉवेलनं पुसून पुसून कोरडे केलेले, आणि एका हातात झेंडूचं एक फूल, तेही पाणी निथळून. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. म्हणाले, "नंदे, हात लावू का? कोरडंच हाय." मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "लावा की." त्यांनी वरच्या डब्यावर फूल ठेवलं आणि गेले. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते नंतर, जसजसं लक्षात येत गेलं तसतसं. मी घेऊन दिलेल्या टीव्हीचं बटण दाबायच्या आधी आबा माझ्याकडं बघायचे. मोबाईल दिला तर वाजत असलेला फोन हातात धरून विचारायचे, घिऊ का. ज्या माणसानं कुणालाही न विचारता विहिरीत उतरून पंप वर काढला, इंजिन खोलून लोकांचे ट्रॅक्टर परत जोडले, तो माणूस माझ्या प्रत्येक वस्तूपाशी येऊन थांबायचा. माझ्या एका वाक्यानं हे झालं होतं आणि ते वाक्य परत घ्यायची कुठलीही कमांड मला येत नव्हती.

पुढं माझं लग्न झालं, आणि मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाला न्हावऱ्याला होते. बाराव्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. आबा मळ्यातून आले, हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलनं पुसले, धोतराला परत एकदा पुसले आणि पाळण्याजवळ येऊन उभे राहिले. बायका म्हणाल्या, आबा लई स्वच्छतेचे बाई. आबा पाळण्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "नंदे, हात लावू का?"

मी म्हणाले, "लावा ना आबा." विचारत जाऊ नका, एवढं म्हणायला मला तेव्हाही जमलं नाही.